देठांच्या ढिगाआड लावलेली गाडी

पुरवणी जबाब
दिनांक १३ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०.२० वा.

मी शेख गफूर शेख हबीब, वय ५७ वर्षे, धंदा डिझेल मेकॅनिक, राहणार नंदुरबार, जि. नंदुरबार. कोणीही न बोलावता आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन समक्ष सांगतो ते असे की, माझा पहिला जबाब दि. ३ फेब्रुवारी रोजी सायंकाळी याच टेबलावर नोंदवला गेला. तो खोटा आहे. तो मी खोटा दिला. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांना मी विनंती केली की, मी बोलतो तसेच लिहावे, सुधारून लिहू नये. गेल्या वेळी त्यांनी माझे बोलणे फार व्यवस्थित लिहिले होते आणि ते ऐकताना मलाच ते खरे वाटू लागले होते.

मी वरील पत्त्यावर पत्नी सालेहा हिच्यासह राहतो. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत माझे गॅरेज चौतीस वर्षांपासून आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, मळणीयंत्र, पाण्याचे इंजिन, डिझेलवर चालते ते सगळे मी दुरुस्त करतो. बोनेट न उघडता आवाजावरून कोणत्या सिलिंडरला त्रास आहे ते मी सांगतो, असे लोक म्हणतात. मीही म्हणतो. हे इथे मोठेपणासाठी सांगत नाही, पुढे जे घडले ते याच्यामुळे घडले म्हणून सांगतो.

नवनीत चुडामण पाटील, वय अंदाजे ३१, हे माझे जुने गिऱ्हाईक. त्यांचे वडील चुडामणभाऊ यांच्या पहिल्या ट्रॅक्टरचे इंजिनही मीच खोलून बांधले होते. नवनीत मिरचीचा व्यापार करतात. शहराबाहेर तळोदा रस्त्याला त्यांची पथारी आहे, म्हणजे ओली मिरची पसरून वाळवायची मोकळी जागा. हंगामात तिथे डोंगराकडच्या तीस-बत्तीस बायका मिरचीचे देठ खुडायला असतात. त्या तिथेच झोपड्या घालून राहतात. खुडलेल्या देठांचा आणि फुटक्या सालींचा वाळलेला ढीग एका बाजूला माणसाच्या उंचीचा झालेला असतो.

नवनीत यांच्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेली नवीन पद्धतीची डिझेल पिकअप आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत धूर गाळणारी जाळी असते. काजळी त्या जाळीत अडकते. जाळी भरत आली की गाडी आपली आपण जादा डिझेल सोडते, नळी लालभडक होईपर्यंत तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटे सलग पळाली पाहिजे. नवनीत यांची गाडी मार्केट ते पथारी चार किलोमीटर जाते, थांबते, बंद होते, भरते, परत येते. दिवसातून बारा-चौदा फेऱ्या. जाळी साफ व्हायला लागते तोच गाडी बंद. म्हणजे भाकरी तव्यावर टाकायची आणि फुगायच्या आत उतरवायची, असे रोज चालले होते. जळायचे राहिलेले डिझेल मग खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. हे सगळे आज मी समजून सांगतो आहे. तेव्हा मला समजत नव्हते आणि समजत नाही असे मी कोणाला म्हटले नाही.

डिसेंबरमध्ये नवनीत गाडी घेऊन गॅरेजवर आले. गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. डब्यात ठिपके असे त्याचे चित्र होते. मी डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल खुणेच्या वर चढले होते. चौतीस वर्षांत मी ऑइल कमी झालेले पाहिले होते, वाढलेले कधी पाहिले नव्हते. तिथेच मी हात टेकायला हवे होते. त्याऐवजी मी हसून म्हटले, "नवनीत, तुन्ही गाडी ऑइल खात नही, उलट देस." गल्लीतले बाकीचे मिस्त्री हसले. नवनीत म्हणाले, "चाचा, पन हाऊ दिवा?" मी म्हटले, "दिवा पेटना म्हणजे गाडी बिघडनी असं नही. कंपनीवालास्ना धंदा शे तो." मग मी काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा कापला आणि त्या दिव्यावर चिकटवला. "आते दखू नको, घाबरू नको," असे मी म्हटले. त्यावरही गल्ली हसली.

त्याच्या पंधरा दिवस आधी एका ट्रकवाल्याने वेगळेच केले होते. त्याच्या ट्रकला धूर साफ करण्यासाठी युरियाचे शुद्ध पाणी वेगळ्या टाकीत भरावे लागते. त्याने ते विकत न घेता शेतातला निंबोळी लावलेला युरिया बादलीत घोळून ओतला आणि सगळी नळी खडीसाखरेसारखी जाम करून घेतली. मी त्याच्यावर आठवडाभर हसलो होतो. त्याला निदान माहीत नव्हते.

माझी पुतणी गजाला, वय २४, हिने आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेतले आहे. माझा भाऊ वारल्यावर ती आमच्याच घरी वाढली. आता ती धुळ्याला एका वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे. मागच्या ईदला तिने स्वतःच्या पगारातून मला गाडीची तपासणी करायचे छोटे मशीन आणून दिले. गाडीला जोडले की बिघाड काय तो पडद्यावर दिसतो आणि जाळी साफ करायचा हुकूमही त्यातून देता येतो. ज्याला नाडी कळत नाही तो थर्मामीटर लावतो, असे मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो. ती मशीन टूल बॉक्सशेजारी बाकाखाली ठेवून गेली. डब्याच्या झाकणावर तिने मार्करने मोठ्या अक्षरात लिहिले होते, "गाडी सिमेंटवर. खाली सुकं काही नको. शेवटपर्यंत जवळ थांबा." मला वाचता येते. मी ते वाचले होते.

दि. ३ फेब्रुवारी रोजी सोमवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास मला नवनीत यांचा फोन आला. ते पथारीवर होते. "चाचा, गाडी ओढतच नही. वीसना वर जातच नही. माल पडेल शे," असे ते म्हणाले. जाळी पूर्ण भरली की गाडी आपला वेग आपणच मारते, हे मी तोवर गजालाच्या तोंडून ऐकलेले होते. मी बाकाखालचे मशीन काढले, रेक्झिनच्या पिशवीत तळाशी घातले, वर पाने आणि फडकी टाकली आणि मोटारसायकलने निघालो. पिशवी अशी भरण्याचे कारण मला कोणी विचारले नव्हते. मीच सांगतो. गल्लीत मशीन कोणाला दिसू नये म्हणून.

मी अकराच्या सुमारास पथारीवर पोहोचलो. तिथून दोनशे पावलांवर वजनकाटा आहे. तिथे सिमेंटची मोठी मोकळी जागा आहे. वीसच्या वेगाने का होईना, गाडी तिथवर आरामात गेली असती. पण काट्यावर त्या वेळी ड्रायव्हर आणि आमच्या गल्लीतले दोन मिस्त्री चहाला बसलेले असतात. त्यांच्या देखत धुळ्याला पोरीला फोन लावून, "बेटा, आता कोणते बटण दाबू," असे विचारणे मला जमले नसते. म्हणून मी गाडी पथारीच्या मागच्या अंगाला नेली आणि देठांच्या ढिगाआड लावली. तिथे कोणी पाहत नव्हते. गाडीचा मागचा भाग ढिगाला जवळजवळ टेकला होता आणि खाली जमिनीवरही देठांचा थर होता. हे मला तेव्हा दिसत होते.

तिथून मी गजालाला फोन केला. ती कामावर होती. तिने पहिली गोष्ट विचारली ती ही, "चाचा, गाडी कहाँ खडी है?" मी म्हटले, "काटे पे. सिमेंट पे." ती म्हणाली, "नीचे सूखा कुछ नहीं है ना?" मी नाही म्हटले. तिने पुन्हा विचारले. मी तिच्यावर चिडलो आणि, "मैं बच्चा हूँ क्या?" असे बोललो. मग तिने बटणे सांगितली. गजालाचा या प्रकरणात काही दोष नाही. तिने जे सांगितले ते सगळे बरोबर होते, मी तिला जे सांगितले ते सगळे खोटे होते.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी शेवटचे बटण दाबले. इंजिनाचा आवाज आपोआप चढला. पडद्यावर पंचवीस मिनिटे असे आले. एवढ्यात शेडमधून नवनीत यांनी चहाला हाक मारली. तिथेच उभा राहिलो तर मी काहीतरी नवीन आणि अवघड करतो आहे असे दिसले असते. म्हणून मी गाडी तशीच चालू ठेवून, हात पुसत, रोजचेच काम असल्यासारखा शेडमध्ये गेलो. शेड रस्त्याच्या अंगाला आहे, गाडीचा आवाज तिथवर येत नव्हता.

मी चहा पीत असताना फुलीबाई आमशा पाडवी, वय अंदाजे ४५, मूळ राहणार डोंगरातल्या एका पाड्यावरच्या, या शेडच्या दारात आल्या. त्या देठ खुडणाऱ्या बायकांच्या मुकादमासारख्या आहेत. त्या घरी भिली बोलतात, मराठी त्यांना थोडी येते. त्या म्हणाल्या, "मिस्तरी, गाडीखालून वास येतो." मी म्हटले, "नवी गाडी आहे. तिला वास येतोच." त्या तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मिरची जळल्यासारखा." मी कप खाली न ठेवता म्हटले, "बाई, तू तुझे देठ बघ." त्या गेल्या. माझ्या आयुष्यात मी खूप माणसांना टाकून बोललो आहे. त्यातल्या कशाचीच आठवण मला या वाक्याएवढी येत नाही.

पाचेक मिनिटांत धूर दिसला. आग आधी मोठी नव्हती, ढीग आतून धुमसत होता. पण मिरचीचा खाट, म्हणजे जळत्या मिरचीचा झोंबणारा धूर, ज्याने घेतला आहे त्यालाच तो कळेल. डोळे उघडत नाहीत, श्वास आत जात नाही, घसा आतून सोलल्यासारखा होतो. सगळ्या बायका पदर तोंडावर घेऊन रस्त्याकडे पळाल्या. मीही पळालो. मी गाडीकडे पळालो नाही, रस्त्याकडे पळालो. पहिल्या जबाबात, "मी आग विझवण्याचा प्रयत्न केला," असे लिहिले आहे, ते काढून टाकावे.

फुलीबाई उलट दिशेला पळाल्या. ढीग आणि पसरलेली मिरची यांच्यामध्ये मोठी ताडपत्री होती. तिच्यावरून आग मिरचीकडे गेली असती तर सगळी पथारी गेली असती. त्यांनी ती ताडपत्री एकटीने ओढत ओढत बाजूला नेली. तोवर त्या सगळा वेळ त्या धुरात होत्या. नंतर नवनीत आणि दोन हमालांनी त्यांना बाहेर आणले. त्यांना बोलता येत नव्हते. साडेबाराच्या सुमारास अग्निशामक गाडी आली. पिकअपची मागची दोन चाके, खालची वायरिंग आणि देठांचा ढीग जळाला. मिरची वाचली.

लोक फुलीबाईंना सरकारी दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत असताना मी गाडीच्या केबिनमध्ये चढलो. चावी फिरवून बंद केली. मशीनची पिन काढून ते शर्टाच्या आत घातले. दिव्यावरची काळी टेप नखाने काढली आणि खिशात ठेवली. हे मी घाबरून केले असे म्हणता येईल, पण माझा हात अजिबात थरथरत नव्हता. पंचनामा त्यानंतर झाला.

मग नवनीत माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी हळूच विचारले, "चाचा, गाडीमुये तं नही ना व्हयनं?" मी म्हटले, "गाडी तं बंद व्हती. तठे बायास्नी चूल शे, ती दख." त्यापूर्वी चुलीचे नाव कोणीही काढले नव्हते. चूल हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला. नवनीत यांनी पुढे पोलिसांना जे सांगितले ते माझ्यावर विश्वास ठेवून सांगितले.

सदर चूल तीन दगडांची असून ढिगापासून साठ-सत्तर पावलांवर आहे. नवनीत फोनवर बोलत असताना मी तिथे गेलो होतो. चुलीतली राख ओली होती. मी तिच्यात हात घातला. राख थंडगार होती. सकाळी भाकरी झाल्यावर तिच्यावर पाणी ओतलेले होते. हात पँटला पुसून मी तसाच या ठाण्यात आलो आणि सायंकाळी सहा वाजता, चुलीची ठिणगी उडून आग लागली, असा जबाब दिला. गाडी चालू होती का, असे साहेबांनी मला दोनदा विचारले होते. मी दोन्ही वेळा नाही म्हटले.

त्यानंतर फुलीबाईंच्या निष्काळजीपणामुळे आग लागली अशी चौकशी सुरू झाली. बाकीच्या बायकांना दुसऱ्या कोणत्याही पथारीवर कोणी ठेवून घेईना, कारण या बायका आग लावतात असे बोलले जाऊ लागले. त्या झोपड्या मोडून तळोद्याच्या जीपने परत डोंगरात गेल्या. हंगाम अर्धा राहिला आहे. मी रोज गॅरेज उघडत होतो. गिऱ्हाईक आगीचे विचारत आणि मी चुलीचे सांगत असे. तिसऱ्या-चौथ्या वेळी तर ठिणगी कशी उडाली ते मी हाताने करून दाखवले.

दि. ६ रोजी गजालाचा फोन आला. तिने सलाम केला, सालेहाची तब्येत विचारली. मग म्हणाली, "चाचा, मशीन में टाइम रहता है." मी फोन घेऊन बाजूला गेलो. ती म्हणाली, "मैं किसी को नहीं बोली. आप बोलो." त्यानंतर तिने फोन केला नाही. सालेहा ताट वाढते आणि आत जाते. ज्या पोरीला मी थर्मामीटर म्हणून हसलो, ती मला लाज राखायला वेळ देत होती आणि मी तो वेळही सहा दिवस फुकट घालवला.

काल, दि. १२ रोजी दुपारी फुलीबाईंचे पती आमशा पाडवी माझ्या गॅरेजवर आले. मला वाटले ते भांडायला आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या. गॅरेजमध्ये कोणी चपला काढत नाही, तिथे ऑइल सांडलेले असते. ते म्हणाले, "मिस्तरी, बाईचा ऑक्सिजन काढला. आवाज नाही निघत, निघेल म्हणतात. ती तुम्हाला बोलावते." मी काम आहे म्हटले. ते म्हणाले, "थांबतो." ते दाराशी बसून राहिले. शेवटी मी हात धुऊन त्यांच्याबरोबर गेलो.

दवाखान्यात फुलीबाई खाटेवर बसलेल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला. त्यांनी हाताने तांब्या वाकडा करून जमिनीवर पाणी ओतल्यासारखे केले. मला समजले नाही असे वाटून पुन्हा केले. आमशा म्हणाले, "ती म्हणते, मी पाणी टाकलं होतं चुलीवर. पण सगळे म्हणतात चूल, तर राहिला असेल निखारा. तुम्ही इंजिनवाले, तुम्हाला कळतं. तुम्ही दुरुस्तीला घेतलेली गाडी जळाली माझ्यामुळे, असं म्हणते." मग फुलीबाईंनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांच्या तळहातांना ताडपत्रीने पडलेले व्रण होते. मी तसाच बाहेर आलो. तिथे बोलायला हवे होते, ते मी बोललो नाही, हेही लिहून घ्यावे.

मी आज सोबत तपासणीचे मशीन आणि काळ्या टेपचा तुकडा आणला असून दोन्ही वस्तू हजर करीत आहे. मशीनमध्ये दि. ३ फेब्रुवारी, ११.४० अशी नोंद आहे, ती पाहावी. टेपवर माझ्याच अंगठ्याचा ठसा असेल. या जबाबावरून माझ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मला हवालदारसाहेबांनी समजावून सांगितले आहे. ते मला मान्य आहे. गाडीत खोट नव्हती. जाळीतही खोट नव्हती. दिवा दोन महिने खरे सांगत होता.

या जबाबाच्या सुरुवातीला माझा धंदा मेकॅनिक असा लिहिला आहे. तो खोडावा काय, असे मी साहेबांना विचारले. खोडाखोड चालत नाही, असे त्यांनी सांगितल्याने तसाच ठेवला आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला, शिवाय मी स्वतः दोनदा वाचला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे. परंतु दि. ३ रोजीही मला असेच वाचून दाखवले होते, आणि तेव्हाही मी, "बरोबर आहे," म्हणून सही केली होती. त्यामुळे माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर हा जबाब बरोबर धरू नये. तो फुलीबाईंना दवाखान्यात त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. त्यांनी मान हलवली तर तो बरोबर.

सही
शेख गफूर शेख हबीब

समक्ष
पोलीस हवालदार